शिकणाऱ्याने शिकवावे काय?

संगीताचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्यात एक काळ असा येतो की, विद्येवरील श्रद्धा कमी झालेली नसते, गुरूंवरील विश्वास ढळलेला नसतो, आणि तरीही पेटीचा भाता उघडावासा वाटत नाही. तबला सुरात लावण्याचेही जिवावर येते. वर्गास जाण्याची वेळ झाली की डोके दुखू लागते. घरातील मंडळी यास आळस म्हणतात, आणि वडील आजवर भरलेल्या शुल्काचा हिशेब काढून बसतात. पण आळशी मुलगा सर्वच कामांत आळशी असतो. हा मुलगा तर क्रिकेट उत्साहाने खेळत असतो, शाळेचा अभ्यासही बरा करीत असतो. केवळ ज्या विद्येवर त्याने सर्वांहून अधिक जीव लावला, तिच्यापासूनच तो तोंड फिरवितो.

आपल्या बमरोलीतील अनेक मराठी कुटुंबे धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून ताप्तीमार्गाच्या रेल्वेने इकडे आली. घरचा कर्ता पुरुष यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करतो. अशा घरात मुलासाठी पेटी येते ती कित्येक महिने थोडे थोडे पैसे बाजूस काढल्यानंतरच येते. तीच पेटी पुढे कापडात गुंडाळून कपाटावर पडलेली दिसू लागली, म्हणजे घरच्यांस जे वाईट वाटते ते निव्वळ पैशांचे नसते. आपल्याला जे मिळाले नाही ते या मुलास मिळत होते, आणि तो ते सोडून देत आहे, याचे ते वाईट वाटणे असते.

आपल्या मंदिराच्या संगीतवर्गासंबंधी बोलणे चालले असता एक सूचना पुढे आली आहे. ज्या मोठ्या विद्यार्थ्यांचा उत्साह मावळला आहे, त्यांच्याकडे आठवड्यातून दोन दिवस लहान मुले शिकावयास बसवावी. शिकविता शिकविता त्यांचा स्वतःचा अभ्यास पुन्हा मार्गी लागेल, असे सूचना करणाऱ्यांचे म्हणणे. तीस विरोधही झाला. एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले, "ज्याचे स्वतःचे मडके कच्चे, त्याने दुसऱ्याचे पाणी भरावे कसे?" हा विरोध आम्हांस हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. अपुऱ्या विद्येने शिकविण्याचा अधिकार येतो काय, हा एक. दुसरा अधिक अवघड आहे: मोठ्याची उमेद परत यावी म्हणून लहानास त्याच्या हाती देणे हे त्या लहानावर अन्याय करणारे नाही काय?

प्रथम उमेद का जाते ते पाहिले पाहिजे. रोगाचे निदान न करता औषधाविषयी वाद घालण्यात अर्थ नाही.

आरंभीच्या वर्षात विद्यार्थ्यास दर आठवड्यास काहीतरी नवे हाती लागते. सरगम येते, अलंकार येतात, भूपातली पहिली बंदिश बसते. पाहुणे आले की आई त्यास गावयास सांगते. तो गातो, आणि आपण उत्तम गातो अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. कारण त्याचा गळा जेवढा तयार झालेला असतो, तेवढाच त्याचा कानही तयार झालेला असतो. पुढे प्रारंभिक, प्रवेशिका अशा एकेक परीक्षा होतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक गोष्ट घडते. कान झपाट्याने पुढे जातो, गळा आणि हात मात्र आपल्याच चालीने चाललेले असतात. काल जो गंधार बरोबर वाटत होता तो आज उतरलेला ऐकू येतो. 'तिरकिट' एकसारखे वाजत नाही हे काल कळत नव्हते, ते आज कळते. विद्यार्थी वाईट गाऊ लागलेला नसतो. तो पूर्वीपेक्षा चांगलेच गात असतो. पण त्यास प्रथमच खरे ऐकू येऊ लागलेले असते, आणि ते खरे त्यास सोसत नाही. त्याच्या कानास दुसरे कामच नसते. चोवीस तास तो आपल्या धन्याचेच दोष मोजीत बसतो. गुरूही दोषच सांगतात, आणि ते त्यांचे कामच आहे. असे सहा महिने गेले की पेटी कपाटावर जाते.

हे जर खरे असेल, तर अशा विद्यार्थ्यास 'तू छान गातोस' असे सांगून काही उपयोग नाही. त्याचा कान ते मानणार नाही. बक्षीस, शाबासकी, नवे वाद्य, यांचा परिणाम चार दिवस टिकतो. त्या तयार झालेल्या कानास काहीतरी काम मिळाले पाहिजे.

ते काम शिकविण्यात मिळते, असे आम्हांस वाटते. नऊ वर्षांचे मूल समोर तबला घेऊन बसते. 'ना' वाजवावयाचा आहे. मुलाचा हात सबंधच्या सबंध पुडीवर आपटतो आणि आवाज दबून जातो. मोठ्या विद्यार्थ्यास हे तत्क्षणी ऐकू येते, पण आता नुसते ऐकून भागत नाही. काय चुकले ते सांगावे लागते. तो स्वतःच्या हाताकडे पाहतो. अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली आहे, तर्जनीचा आघात चाटेवर पडून बोट लगेच उचलले जात आहे. हे सर्व तो चार वर्षे करीत होता आणि आपण करीत आहोत हे विसरूनही गेला होता. ते तो शब्दांत सांगतो, मुलाचे बोट धरून जागेवर ठेवतो, आणि पाचव्या-सहाव्या खेपेस 'ना' खणखणीत वाजतो. त्या क्षणी त्यास दोन गोष्टी कळतात. आपण किती वाट चाललो हे एक. वाटेवर उभे असताना ती दिसत नव्हती, आरंभापाशी कोणी दुसरा उभा राहिला तेव्हा दिसली. आणि जो कान आपल्यास इतके दिवस छळीत होता, तो कोणाच्या तरी उपयोगी पडला.

आमच्या घरी पूजेअर्चेची परंपरा असल्यामुळे याचे एक रूप आम्ही जवळून पाहिले आहे. वैदिकांची संथा पुस्तकावरून होत नाही. गुरू म्हणतात, शिष्य त्यामागून तेच पुनःपुन्हा म्हणतो, आणि असे महिनोन्महिने चालते. वेदपाठशाळांतून थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्याकडून आवर्तने करून घेण्याची चाल आहे. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांत म्हणवून घेणाऱ्याचा स्वर जरासा ढळला, तरी समोरचे मूल तसेच्या तसे म्हणते. आरशात तोंड दिसावे तसा स्वतःचा दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतो. घनपाठी विद्वानांची विद्या वर्षानुवर्षे ताजी राहते, ती ते नुसते पाठ म्हणतात म्हणून नव्हे, ते म्हणवूनही घेतात म्हणून.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत नववा अनुवाक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे 'प्रवचन' हा शब्द येतो तो आज आपण सप्ताहात ऐकतो त्या प्रवचनाच्या अर्थाने नव्हे. शिकविणे, विद्या दुसऱ्यास देणे, हा त्याचा अर्थ. ऋषी बारा गोष्टी सांगतात. ऋत, सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अग्निहोत्र, अतिथिसेवा अशी ती मालिका आहे, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर ते स्वाध्याय व प्रवचन यांची जोडी पुन्हा सांगतात. बाराही वेळा दोन्ही शब्द एकत्रच येतात. आधी स्वाध्याय पुरा करा आणि मग प्रवचनास लागा, असा क्रम तेथे लावलेला नाही. शेवटी तीन आचार्यांची मते दिली आहेत. सत्यवचा राथीतर सत्यास श्रेष्ठ मानतात, तपोनित्य पौरुशिष्टी तपास, आणि नाक मौद्गल्य म्हणतात की स्वाध्याय आणि प्रवचन हेच तप. पुढे अकराव्या अनुवाकात, विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यातही या दोहोंत हयगय करू नये असे बजावले आहे. शिकणे आणि शिकविणे हे दोन आश्रम नाहीत, एकाच कामाचे दोन हात आहेत, अशी ऋषींची दृष्टी दिसते.

मडके कच्चे असल्याचा आक्षेप मात्र एवढ्याने जात नाही. उपनिषद संगीताच्या वर्गाविषयी बोलत नाही, असे कोणीही म्हणेल. म्हणून गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या संगीतात काय घडले तिकडे वळू.

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास झाला. लहानपणी दारूच्या फटाक्याने डोळ्यांस इजा झाली, शाळेचा अभ्यास थांबला, आणि मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास त्यांस ठेवण्यात आले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत सभ्य घरांतून शिकले जावे आणि ते शिकविणारे चारित्र्यवान असावेत, हा त्यांचा ध्यास. पण शिक्षक आणावयाचे कोठून? राजेरजवाड्यांचे खाँसाहेब लहान मुलांस सरगम शिकविण्यास येणार नव्हते. पंडितजींनी उपदेशक वर्ग काढला. त्या वर्गातील विद्यार्थी ठराविक मुदतीच्या करारावर विद्यालयातच राहत, तेथेच जेवत, स्वतः शिकत आणि त्याच वेळी खालच्या वर्गांस शिकवीत. सकाळी गुरूसमोर शिष्य, संध्याकाळी मुलांसमोर मास्तर. आपण पुष्कळदा म्हणतो की पंडितजींनी संगीतशिक्षक तयार केले. ते खरेच, पण त्याच मांडवाखालून गायकही निघाले. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास आणि ओंकारनाथ ठाकूर ही नावे ज्यांस ठाऊक नाहीत असे संगीतप्रेमी आपल्यांत नसतील.

ओंकारनाथजींचे उदाहरण तर आपल्या शेजारचे आहे. त्यांचा जन्म २४ जून १८९७ रोजी खंभातच्या परिसरातील जहाज या गावी झाला आणि बालपण गेले ते भडोचला, म्हणजे आपल्या सुरतेहून उत्तरेस गेलेल्या गाडीच्या पहिल्या मोठ्या मुक्कामी. घरची अत्यंत गरिबी. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात ते शिकले, आणि १९१६ साली पंडितजींनी त्यांस लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य करून पाठविले. वय एकोणीस वर्षांचे! आजच्या हिशेबाने जो मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात असावयाचा, त्याच्या हाती एक विद्यालय सोपविले गेले. ओंकारनाथजींची विद्या त्या वेळी पूर्ण झाली होती, असे त्यांचे भक्तही म्हणणार नाहीत. पुढे १९१९ च्या सुमारास ते भडोचला परतले व त्यांनी स्वतःचे विद्यालय काढले. १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. 'संगीतांजली'चे भाग त्यांनी लिहिले. १९६७ साली देह ठेवणाऱ्या या गायकाने मैफली गाजवीत असतानाही शिकविणे सोडले नाही. एकोणिसाव्या वर्षी अंगावर पडलेल्या जबाबदारीने त्यांचे नुकसान झाले, असे कोणास दाखविता येईल काय?

याच मालिकेतले आणखी एक नाव. बालपणीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन ज्याने श्रोत्यांस चकित केले, त्या कुमार गंधर्वांस मुंबईत प्रा. देवधरांच्या विद्यालयात ठेवण्यात आले. आणि वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच ते त्या विद्यालयात शिकवू लागले. नक्कल करणाऱ्यास गाणे का तसे आहे हे सांगावे लागत नाही, शिकविणाऱ्यास ते सांगावेच लागते. कुमारजींच्या पुढील स्वतंत्र विचाराचे मूळ काही अंशी तेथे असावे, असा आमचा तर्क आहे; तर्क म्हणूनच तो घ्यावा.

आणि भास्करबुवा बखले? सुरतेतील मराठी माणसांस याचा विशेष अभिमान वाटावा की, देवगंधर्व म्हणून ज्यांची ख्याती झाली त्या बुवांचा जन्म १८६९ साली आपल्या जवळच्या कठोर या गावचा, जे त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. (कठोरला नातलगांकडे जाणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावयास हरकत नाही.) लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. आवाज फुटला आणि नाटक सुटले. मग बडोद्यास फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ अशी तालीम झाली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीतशिक्षकाचे काम केले. येथपर्यंत ठीक आहे. विशेष हे की, स्वतः नावारूपास आल्यावर, पदरी शिष्य असताना, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. शिकविणारा मनुष्य पुन्हा खाली बसला. १९११ साली पुण्यास ज्या भारत गायन समाजाची त्यांनी स्थापना केली तो, आणि बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य, हे सर्व पाहता बुवांच्या बाबतीत गुरू कोठे संपतो आणि विद्यार्थी कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे. दुसऱ्यास देता देता आपल्याजवळ काय नाही हे त्यांस कळले असावे आणि म्हणून ते मागावयास गेले असावेत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. पूर्ण विद्या झाल्यावरच शिकवावे म्हटले तर संगीतात कोणीच शिकविणार नाही, कारण पूर्णतेची कबुली देणारा गवई अद्याप जन्मास यावयाचा आहे. आपल्यापुढे चार पावले चाललेल्याने मागच्यास चार पावले दाखवावी, यात अधिकाराचा भंग होत नाही. पाचवे पाऊल दाखवावयास तो निघाला तर होतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना मात्र आमचा स्वर इतका निश्चिंत राहत नाही.

मोठ्या मुलांनी लहानांस शिकवावे ही गोष्ट एके काळी साऱ्या जगात गाजली, आणि ती गेली होती ती आपल्याच देशातून. आपल्या पंतोजींच्या शाळांप्रमाणे मद्रासेकडील गावठी शाळांतही मुले धुळीत अक्षरे गिरवीत. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे १७८९ साली मद्रासेतील सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा आली, तेव्हा त्याने ती रीत पाहिली आणि आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले. पगारी मास्तर तयार होईनात, म्हणून त्याने एका विद्यार्थ्यासच बाकीच्यांवर नेमले, आणि ते साधले. १७९७ साली त्याने लंडनमध्ये याविषयी पुस्तक छापले. पुढे बेल आणि लँकेस्टर यांच्या या पद्धतीने इंग्लंडात हजारो गरीब मुले शिकली. पण तिच्यामागचा हेतू बहुतांशी काटकसरीचा होता. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले! लहानांस काय मिळते आणि मोठ्यांचे काय होते, हा विचार दुय्यम राहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती पद्धत मागे पडली. आपल्या मंदिरात ही योजना यावयाची असेल तर वर्गाच्या गुरुजींचे मानधन वाचविण्यासाठी येता कामा नये, हे येथेच स्पष्ट सांगितलेले बरे.

उलट बाजूचा एक पुरावाही आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांस संगणकावर एक काल्पनिक शिष्य दिला आणि त्यास शिकविण्यास सांगितले. स्वतःसाठी शिकणाऱ्या मुलांपेक्षा त्या शिष्यासाठी शिकणाऱ्या मुलांनी अभ्यासावर अधिक मेहनत घेतली, असे दिसून आले. शिष्य खोटा आहे हे ठाऊक असूनही! दुसऱ्याचे आपल्यावाचून अडेल ही जाणीव माणसास कामास लावते. आमच्या आजीस हे संगणकावाचून ठाऊक होते. घरातील मोठ्या नातीस पाढे येईनात तर ती धाकटीस शिकवावयास सांगे.

पण खऱ्या मुलाचा गळा काल्पनिक नसतो. येथे अन्यायाची शक्यता आहे आणि ती बारीक गोष्टींत आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा काळी एक किंवा दोनमध्ये गातो. त्याच्यासमोर आठ-दहा वर्षांच्या मुली बसल्या, आणि त्याने आपल्याच पट्टीत सा लावून त्यांस गावयास लावले, तर खालच्या स्वरांत त्यांचे गळे दबून जातात. त्यांस काळी चार किंवा पाच हवी. उलट ज्या मुलाचा आवाज फुटू लागला आहे त्याच्याकडून तार सप्तकात ताणून गाऊन घेतले तर पुढे पश्चात्ताप करूनही तो गळा दुरुस्त होत नाही. पेटीवर पहिल्या महिन्यात अंगठा चुकीचा पडण्याची सवय लागली की पाच वर्षे ती काढण्यात जातात. त्या मुलाने आपल्या मोठ्या भावाची उमेद वाढविण्यासाठी ही किंमत का द्यावी? त्यास कोणी विचारले आहे काय?

म्हणून लहानाचे गुरू हे वर्गाचे गुरुजीच राहिले पाहिजेत. मोठा विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच सभामंडपात, गुरुजींनी नेमून दिलेला तेवढाच पाठ घेईल. पट्टी गुरुजी ठरवितील. असे झाले तर लहानास उलट लाभच आहे. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी 'ना' शिकला त्यास तो का अवघड आहे हे आठवत नाही. ज्याने चार वर्षांपूर्वी शिकला त्यास आठवते. गुरुजींपुढे विचारण्यास भिणारे मूल दादाला किंवा ताईला निःशंक विचारते.

शिकविण्याचे एक खोटे रूपही आहे आणि त्याविषयी बोललेच पाहिजे. चार मुले 'सर' म्हणू लागली, पालकांनी नमस्कार केला, गुरुपौर्णिमेस नारळ हाती आला, की काही तरुणांची उमेद एकदम वाढते. ती संगीताची उमेद नव्हे. तो मुलगा आता रियाज न करताच संगीतात आहे. शिकविणे हे त्याच्यासाठी रियाजापासून लपण्याचे ठिकाण होते, आणि अशी लपलेली माणसे आयुष्यभर शिकवीत राहतात. शिकविण्यास लागल्यावर त्याची स्वतःची मेहनत वाढली की घटली, एवढे गुरुजींनी पाहावे. घटली असेल तर त्याच्याकडून मुले काढून घ्यावी, मग तो कितीही चांगला शिकवीत असो. मोबदल्याविषयी आम्हांस फारसे सांगावयाचे नाही. कीर्तनकारास बिदागी मिळते, तसे विद्यार्थ्यास थोडे मानधन मिळाले तर त्यात कमीपणा नाही.

खरी उमेद कशी येते ते सांगावयाचे तर भूपाचेच उदाहरण घ्यावे. सर्वांची पहिली बंदिश बहुधा भूपातली. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत. परीक्षेत हे विचारतात आणि मोठ्या विद्यार्थ्याने ते लिहून गुणही मिळविलेले असतात. आता समोरचे मूल विचारते, "दादा, म आणि नी का नाहीत? आणि देसकारातही हेच स्वर आहेत म्हणता, मग तो वेगळा कसा?" पुस्तकातले उत्तर त्याच्यापाशी आहे. देसकारात वादी धैवत, तो उत्तरांगप्रधान, सकाळी गाण्याचा. मूल ऐकते आणि समाधान होत नाही, होऊ नयेच. मग त्यास दोन्ही गाऊन दाखवावे लागतात. गंधारावर थांबून भूप, आणि त्याच स्वरांत धैवतावर जोर देऊन, पंचमावर येऊन देसकार. पहिल्या खेपेस दोन्ही सारखेच ऐकू येतात, मुलासही आणि त्यासही. तो घरी जातो. त्या रात्री, जेवणे झाल्यावर, कपाटावरची पेटी खाली येते. कोणी सांगितले म्हणून नव्हे, परीक्षा आहे म्हणून नव्हे, उद्या त्या मुलास काय गाऊन दाखवावे हे सुचत नाही म्हणून. शेजारी मागांचा खडखडाट चालूच असतो. दुसऱ्या दिवशी तो गुरुजींपाशी प्रश्न घेऊन येतो, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच तो दोष ऐकावयास आलेला नसतो, विचारावयास आलेला असतो. हा प्रश्न मुळात त्या लहान मुलाचा होता. आता तो दोघांचा आहे.

येथे त्या मुलाचा उपयोग करून घेतला गेला काय? आमच्या मते नाही. कारण मोठ्याने त्या रात्री जे केले ते मुलासाठी केले, स्वतःच्या उमेदीसाठी नव्हे. 'माझी उमेद वाढावी' म्हणून जो शिकवावयास बसेल त्याची वाढणार नाही, असा आम्हांस दाट संशय आहे. म्हणूनच ही योजना मुलांपुढे ठेवताना मोठ्या विद्यार्थ्यांस 'याने तुमचे भले होईल' असे सांगू नये, एवढी आमची विनंती आहे. लहान मुले पुष्कळ आहेत आणि गुरुजी एकटे आहेत, एवढेच सांगावे. ते खोटेही नाही.

एका गोष्टीचा निर्णय व्यवस्थापक मंडळींनी करावयाचा आहे. मंदिरातील पेट्या थोड्या आहेत, आणि एकादशीच्या भजनास त्या लागतात. मोठ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ती वर्गाच्या दिवशी घेऊन यावी, असे ठरले तर बरे. वजनास ती जड असते हे खरे. पण पांडेसऱ्याहून आणि उधन्याहून येणाऱ्या पालकांपैकी काहींच्या रिक्षा आहेत, त्यांस विचारता येईल.